हिरवळीतील पिवळे चट्टे : आधी निदान, मग औषध

शहरालगतच्या गावांतून लॉनचे गालिचे तयार करून विकणारे रोपवाटिकाधारक आता बरेच झाले आहेत. आपण विकलेल्या हिरवळीवर मुले अनवाणी खेळतात आणि कापलेले गवत बहुधा जनावरांपुढे पडते. म्हणून कापसाच्या सवयीने येथे पंप पाठीवर घेऊ नये.

पावसाळ्यात पिवळा चट्टा दिसताच तेथील गवत मुठीत धरून ओढावे. थर सतरंजीसारखा सहज उचलला गेला, तर मुळे हुमणीने खाल्ली आहेत असे समजावे. चौरस फूटभर जागा कुदळीने उलटून अळ्या मोजाव्यात. एखाद-दुसरी अळी निरोगी हिरवळ सहज सोसते. जास्त आढळल्यास जमीन ओली असताना मेटॅरायझियम बुरशी द्यावी. तिचा परिणाम सावकाश दिसतो, तेव्हा उतावीळ होऊ नये. पूर्ण वाढलेल्या अळीवर औषधेही फारशी चालत नाहीत. खरी वेळ वळवाच्या पावसानंतरची. तिन्हीसांजेला भुंगेरे कडुनिंब, बाभूळ, बोरीवर जमतात. फांद्या हलवून ते गोळा करावेत व रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत. शेणखत पूर्ण कुजलेलेच घालावे. जुन्या पुस्तकांत हुमणीसाठी फोरेट दाणेदार सांगितलेले आढळेल. त्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. घरात जुनी पिशवी उरली असली तरी वापरू नये.

गवत उचलले गेले नाही, तर सकाळी दव असताना पाती पाहावीत. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर तो बुरशीचा रोग होय. संध्याकाळचे पाणी आणि युरियाचा सढळ हात ही त्याची नेहमीची कारणे. पाणी सकाळी द्यावे, युरिया काही काळ थांबवावा, यंत्राचे पाते धारदार ठेवावे. बहुतेक वेळा एवढ्यावर रोग आटोक्यात येतो. (कुत्रे रोज एकाच जागी लघवी करत असेल, तरीही असाच चट्टा पडतो. त्यावर औषध नाही!)

लव्हाळ्याची गोष्ट मात्र वेगळी. तो गवत नसून मोथ्याच्या वर्गातील आहे. खुरप्याने शेंडा छाटला की जमिनीतील गाठी नव्या जोमाने फुटतात. २,४-डी हे मुख्यतः रुंद पानांच्या तणांसाठीचे औषध आहे. त्याने लव्हाळ्याची पाने पिवळी पडली तरी गाठी शिल्लक राहतात. म्हणून त्याचा बंदोबस्त लागवडीपूर्वीच करावा. उन्हाळ्यात खोल नांगरून गाठी वेचाव्यात, उरलेल्या उन्हात वाळू द्याव्यात. नंतर पाणी देऊन जे उगवेल ते गाठीसह खणून काढावे. असे दोन-तीनदा तरी करावे. ट्रॉलीने विकत घेतलेली माती आधी चाळून पाहावी, कारण बऱ्याचदा गाठी तिच्यातूनच येतात.

गालिचा तयार झाल्यावर लव्हाळा दिसला, तर तेवढा पट्टा विक्रीतून वगळावा. त्या गाठी गिऱ्हाइकाच्या अंगणात गेल्या, तर पुढे ते अंगण उकरल्याशिवाय निघत नाहीत.