राउटरची नाडी

लेकरा, काल फोनवर 'आत्या, नेट गेलं, नेट गेलं' म्हणून रडायलास. आणि कधीपासून गेलं विचारलं तर 'काय की!' लातुरात राहून असं? २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हापासून तिथली माणसं टाकीचं झाकण उघडून पाणी बघितल्याशिवाय झोपत नाहीत. राउटरही तसाच सांभाळायचा असतो. मोजेल तो निजेल. इथं नांदेडच्या घरी मी चुकत-माकत शिकले ते लिहून पाठवतेय.

१. राउटरच्या पोटाला चिकटवलेल्या चिठ्ठीवर आत शिरायचा पत्ता असतो, १९२.१६८.१.१ किंवा तसलाच. तो ब्राउझरमध्ये टाक आणि आत गेल्या गेल्या मूळचा पासवर्ड बदल — चिठ्ठीवरची किल्ली, चोराची गल्ली.

२. नेट झकास चालतंय अशा दिवशी 'स्टेटस'चं पान उघडून सगळे आकडे वहीत उतरव — बऱ्या अंगाची नाडी ठाऊक नसली तर ताप कशावरून ओळखशील?

३. त्यातला 'आरएक्स पॉवर' म्हणजे फायबरमधून घरापर्यंत पोचलेला उजेड. घरगुती फायबरला तो साधारण उणे ८ ते उणे २७ डीबीएमच्या आत लागतो. उणे वीसच्या आसपास असला तर खुशाल अभ्यास कर. पण आज उणे २०, पंधरा दिवसांनी उणे २५ असा घसरायला लागला तर नेट चालू असतानाच तक्रार नोंदव — वायर कुठंतरी दुमडलेली असते नाहीतर जोडावर धूळ बसलेली असते, आणि आकडा सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला 'बंद करून चालू करा' म्हणून वाटेला लावता येत नाही.

४. 'एलओएस'चा लाल दिवा लुकलुकत असेल तर सेटिंगला हात लावू नको — उजेडच येत नाही, तर आत काय दुरुस्त करणार? मी तासभर पासवर्ड बदलत बसले होते, आणि गल्लीच्या तोंडाशी जेसीबीनं वायर तोडून टाकली होती.

५. 'अपटाइम' दोन असतात, राउटर किती वेळ चालू आहे त्याचा एक आणि कंपनीशी जोडणी किती वेळ टिकली त्याचा दुसरा, दोन्ही बघ. राउटरचाच दहा मिनिटं दिसला तर दोष बहुतेक विजेचा, अ‍ॅडॉप्टरचा किंवा ढिल्या पिनेचा. राउटर आठ दिवस चालू आणि जोडणी मात्र दहा मिनिटांची, तर बहुतेक बाहेरचा — मी हे न बघता कंपनीच्या पोरांना तीनदा बोलावलं, आणि तिसऱ्यानं हलणारं अ‍ॅडॉप्टर हातात धरून दाखवलं. चहा पाजून पाठवलं त्याला, दुसरं काय करणार!

६. बऱ्याच घरगुती राउटरना ४० अंशांपर्यंतची हवाच झेपते, आणि आपला मे महिना ती रेघ सहज ओलांडतो. म्हणून तो मोकळ्या फळीवर ठेव, फ्रिजवर किंवा टीव्हीच्या मागं नको — तापला की तो आधी मंदावतो, मग आपोआप बंद-चालू होतो.

७. सीपीयू घडीभर ९० टक्क्यांवर गेला तर जाऊ दे. तासभर तिथंच बसला तर बघ. मेमरी निम्मी-अर्धी भरलेली असणं चांगलंच, पण रोज थोडी-थोडी वाढतच चालली तर रात्री एकदा रीस्टार्ट दे, जमल्यास फर्मवेअरही नवं घाल — कधीकधी घेतलेली जागा सोडायलाच तो विसरतो.

८. जोडलेल्या उपकरणांची यादी महिन्यातून एकदा वाच. अनोळखी नाव दिसलं म्हणून लगेच शेजाऱ्याशी भांडू नको — हल्लीचे फोन आपला पत्ता बदलून येतात, एकच फोन दोनदा दिसतो. (हे मला भांडण झाल्यावर कळलं.)

९. क्लास चालू असताना फोटोंचा बॅकअप बंद ठेव — वर जाणारी वाट भरली की खाली येणारंही अडकतं.

१०. १०० एमबीपीएसच्या प्लॅनमध्ये फाइल सेकंदाला फार तर साडेबारा एमबीनं उतरते — बिट आणि बाइटमध्ये आठपटीचा फरक आहे, कंपनीनं लुटलं म्हणून ओरडू नको.

११. नेट रेंगाळलं तर आधी राउटरला 'पिंग' कर, मग बाहेरच्या ८.८.८.८ ला. पहिलंच अडखळलं तर भानगड घरातल्या वायफायची — आणि तुझी खोली जुन्या वाड्याच्या जाड दगडी भिंतीमागं आहे, तिथं ५ गिगाहर्ट्झ पोचता पोचत नाही. २.४ वर जा, आणि चॅनल १, ६, ११ पैकी सगळ्यात कमी गर्दीचा निवड.

१२. लॉगमध्ये १ जानेवारी १९७० तारीख दिसली तर भुताटकी समजू नको — वीज येऊन राउटर उठला, पण त्याचं घड्याळ अजून लागलेलं नाही, एवढंच.

१३. छोटा यूपीएस घेशील तेव्हा अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचूनच घे — व्होल्ट चुकले तर राउटर जळू शकतो.

या रविवारचा आरएक्स पॉवर आणि दोन्ही अपटाइम मला कळव. वहीचा फोटो पाठव, स्क्रीनशॉट चालणार नाही.