फवारणीचे औषध आणि ॲट्रोपिनचे इंजेक्शन

आपल्याकडे शेतकरी विषाला औषध म्हणतो. ‘औषध मारायला गेलो होतो, घरी आल्यापासून गरगरतंय,’ असे सांगत पेशंट दवाखान्यात येतो. कापूस आणि तुरीवरील फवारणीच्या दिवसांत नेकनूरच्या आसपासच्या गावांतून असे पेशंट येतात. घामाने अंग ओलेचिंब, तोंडातून लाळ, मळमळ, पोटात कळा, आणि बॅटरी लावून पाहिले तर डोळ्यातील बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. बाहुली अशी दिसली की निदान जवळजवळ झालेच.

हे का होते ते समजून घेऊ. मेंदूचा हुकूम मज्जातंतूतून जातो, पण तंतूच्या टोकापासून स्नायूपर्यंत किंवा ग्रंथीपर्यंत तो रासायनिक निरोप्या पोचवतो. सन 1921 मध्ये ऑटो लोवी या शास्त्रज्ञाने बेडकाच्या हृदयाची एक नस उत्तेजित केली, तेव्हा हृदयाची गती मंदावली. त्या हृदयाभोवतीचे पाणी दुसऱ्या हृदयावर सोडताच तेही मंदावले! पाण्यात उतरलेला तो पदार्थ म्हणजे ॲसिटिलकोलीन. या कामासाठी लोवी आणि हेन्री डेल यांना 1936 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

निरोप दिला की निरोप्या लगेच नष्ट व्हावा लागतो. ते काम कोलिनेस्टरेज नावाचे एन्झाइम क्षणार्धात करते. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस, डायमेथोएट ही ऑरगॅनोफॉस्फरस गटातील कीटकनाशके नेमके हेच एन्झाइम बंद पाडतात. दारावरच्या घंटीचे बटण दाबलेलेच राहावे तशी गत होते. लाळ, घाम, अश्रू वाहतच राहतात, उलट्या-जुलाब होतात, नाडी मंदावते, छातीत पाणी साठून घरघर लागते. पुढे स्नायू थरथरतात आणि मग लुळे पडतात. बहुतेक मृत्यू श्वास बंद पडून होतात.

हे विष पोटातूनच जावे लागते असे नाही. कातडीतून आणि श्वासातूनही ते जाते. यवतमाळ जिल्ह्यात 2017 च्या पावसाळ्यात फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक जण दगावले. त्या वर्षी कापूस डोक्याच्या वर वाढला होता, त्यामुळे फवारा अंगावर, तोंडावर येत होता. दोन-तीन औषधे एकत्र मिसळण्याची सवयही होतीच. म्हणूनच पेशंटला आणताना बाटली किंवा तिचे लेबल सोबत आणावे. सर्व कीटकनाशकांवर एकच उतारा चालत नाही.

ऑरगॅनोफॉस्फरसवर मुख्य उतारा ॲट्रोपिन. ते ॲसिटिलकोलीनच्या जागेवर स्वतः बसते आणि निरोप पोचू देत नाही. मग छातीतले पाणी आटते, नाडी वाढते. छाती साफ होईपर्यंत दर पाच मिनिटांनी डोस दुप्पट करत जावे लागते, त्यामुळे इंजेक्शनांचा खच पडलेला पाहून नातेवाईक घाबरतात. नुसती बाहुली मोठी झाली म्हणून डोस पुरला असे मानू नये, छाती तपासावी, हे मी नव्या डॉक्टरांनाही सांगतो. डोस जास्त झाला तर उलट चित्र दिसते: तोंड कोरडे, अंग तापलेले, पेशंट बडबडतो, हवेत काहीतरी वेचतो. महादेवाला वाहतो त्या धोत्र्याचे बी पोटात गेले तरी हेच होते, कारण त्यातही ॲट्रोपिनच्याच जातीचे द्रव्य असते. ते वेड नव्हे. डोस थांबवून, बेताने कमी केला की उतरते.

ॲट्रोपिन स्नायूंच्या अशक्तपणावर मात्र चालत नाही. तेथे ॲसिटिलकोलीनचे कुलूप निराळे असते. एन्झाइम मोकळे करण्यासाठी पॅम हे औषध देतात, पण ते लवकर द्यावे लागते आणि प्रत्येकाला गुण येतोच असे नाही. एक ते चार दिवसांत, बरा दिसणारा पेशंट उशीवरून मान उचलू शकेनासा होतो, आणि पाठोपाठ श्वासाचे स्नायू थकतात. त्या वेळी कृत्रिम श्वासाचे यंत्र हाताशी असावे लागते. ‘आता चांगला बोलतोय, घरी नेतो’ म्हणणाऱ्यांशी मी याच कारणासाठी वाद घालतो. अशा पेशंटला बीड किंवा अंबाजोगाईला पाठवले तर राग मानू नये.

घरी करायचे ते एवढेच: भिजलेले कपडे ताबडतोब काढावेत, अंग व केस साबणाने भरपूर पाण्याने धुवावेत, धुणाऱ्याने हातमोजे किंवा पिशव्या हातात घालाव्यात. मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. पेशंट गुंगीत असेल तर ती फुप्फुसात जाते. त्याला कुशीवर ठेवून गाडी काढावी.

याच यंत्रणेवर चालणारी साधी औषधे घरोघरी आहेत. पोटाच्या मुरड्यावरची डायसायक्लोमीनची गोळी, सर्दीची क्लोरफेनिरामीन, झोपेसाठी दिलेली ॲमिट्रिप्टिलीन, या तिन्हींमध्ये ॲट्रोपिनसारखा गुण थोडाफार आहे. तरुणाला तोंड कोरडे पडण्यापलीकडे सहसा काही जाणवत नाही. प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची मात्र लघवी तुंबते, आजीला भ्रम होतो, काचबिंदूची प्रवृत्ती असलेला डोळा एकाएकी ठणकू लागतो. म्हाताऱ्या माणसाची लघवी अचानक अडली तर आठ दिवसांत दुकानातून कोणती गोळी आणून घेतली, ते डॉक्टरांना आधी सांगावे.