नाटकाचं तिकीट काढा, पण कडेचं

एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, झाल्याचं कळलं की घरात पहिली काट बसते ती नाटक-गाण्यांवर. "आता कशाला दगदग?" असं घरचेच म्हणतात. मला हे पटत नाही. या आजारात थकवा फार येतो, शक्ती मोजकीच उरते, हे खरं. पण ती सगळी पोळ्या आणि धुण्यावरच का संपवायची? शनिवारी नाटक असेल तर दुपारी झोपा आणि जेवण बाहेरून मागवा.

प्रयोग एसी नाट्यगृहातला निवडा. अंग तापलं की या आजाराची लक्षणं काही वेळ बळावतात. व्यायामानंतर रुग्णांची नजर धूसर होते, असं विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्ये नोंदवलं होतं. त्यामागे वाढलेली उष्णता असते हे पुढे कळलं. अंग थंड झालं की त्रास ओसरतो. म्हणून सवाई गंधर्व महोत्सवाची डिसेंबरची हवा मानवते, विसर्जन मिरवणुकीतली गर्दी मात्र गॅलरीतूनच पाहिलेली बरी.

खुर्ची कडेची घ्या, स्वच्छतागृह जवळ पडेल अशी. हसताना लघवी सुटेल या धास्तीने काही जणी दिवसभर पाणीच पीत नाहीत. असं करू नका, त्याने लघवीचा जंतुसंसर्ग व्हायची भीती वाढते. नाटकाआधी आणि मध्यंतरात जाऊन या, पॅड वापरा आणि डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. त्यावर औषधं आणि व्यायाम आहेत.

गाण्या-हसण्याने नसांवरचं झिजलेलं मायलिनचं आवरण भरून येत नाही, तेव्हा इंजेक्शनं-गोळ्या चालूच ठेवायच्या. चालीला मात्र ठेक्याचा आधार मिळू शकतो. आधी फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या, मग मोबाइलवर तबल्याचा ठेका लावून घरातल्या पॅसेजमध्ये चाला. लय तुमच्या नेहमीच्या चालीइतकीच ठेवा, द्रुत नको. रस्त्यावर इअरफोन घालून तर नकोच.

बोटांची संवेदना गेली म्हणून वादन थांबलेले रुग्ण खूप खचतात. चेलोवादक जॅकलिन द्यु प्रे यांना १९७३ मध्ये एमएसचं निदान झालं. मैफली थांबल्या, तरी त्या शिकवत राहिल्या. आजार आटोक्यात ठेवणारं इंटरफेरॉन अमेरिकेत १९९३ मध्ये आलं, त्यांच्या निधनानंतर सहा वर्षांनी. तुमच्या हाताशी आज कितीतरी जास्त औषधं आहेत.

विनोदाचं म्हणाल, तर अमेरिकी विनोदवीर रिचर्ड प्रायर व्हीलचेअरवरून रंगमंचावर येत आणि स्वतःच्या एमएसचीच खिल्ली उडवत. तो हक्क रुग्णाचा. नातेवाइकांनी, रुग्णाने सुरुवात केल्याशिवाय, त्याच्या तोल जाण्यावर कोट्या करू नयेत.

एक हसणं मात्र वेगळं. कारण नसताना, अगदी कुणाच्या दहाव्यालाही, हसू किंवा रडू फुटतं आणि आवरत नाही. यात वेड नाही की निगरगट्टपणा नाही. मेंदूतल्या इजेमुळे असं होतं. न्यूरॉलॉजिस्टना नक्की सांगा, त्यावर औषध आहे.