पाडलेल्या इमल्याचा राडारोडा

प्रश्न : जुने घर पाडून नवे बांधावयाचे आहे. त्याचा राडारोडा नव्या बांधकामात वापरता येईल काय?

उत्तर : अवश्य, मात्र पाडकामाच्या पहिल्या दिवसापासूनच विटा, काँक्रीट, लाकूड व लोखंड यांचे ढीग वेगळे ठेवण्याची सक्त ताकीद मुकादमास द्यावी, कारण एकदा सरमिसळ झाली की उत्तम मालही भरावाखेरीज कशाच्या उपयोगी राहत नाही. चुन्यात बांधलेल्या विटा बहुधा अखंड निघतात व पुन्हा भिंतीत बसतात. फुटक्यांची सुरखी करून चुन्यात मिसळणे, ही आपल्या गवंड्यांची जुनी व अत्यंत शहाणी रीत. काँक्रीट फोडून केलेल्या खडीस पूर्वीचा मसाला चिकटलेला असल्याने ती पाणी अधिक शोषते. सबब ती आधी भिजवून घ्यावी. भारतीय मानक 383 च्या 2016 सालच्या आवृत्तीने अशी खडी साध्या काँक्रीटमध्ये 25 टक्के, एम 25 प्रतीपर्यंतच्या सळया घातलेल्या काँक्रीटमध्ये 20 टक्के, आणि एम 15 हून हलक्या काँक्रीटमध्ये संपूर्ण वापरण्याची मुभा दिली आहे. तरी तुळया व खांबांसाठी, माझ्या मते, जागेवरच हातोड्याने फोडलेली व तपासणी न झालेली खडी वापरूच नये. प्लास्टर ऑफ पॅरिस या मालात मुळीच शिरू देऊ नका. त्यातील सल्फेटामुळे काँक्रीट कालांतराने फुगून तडकते.