वसंतातील फुलझाडांचे हरणांपासून संरक्षण

उत्तराखंडमधील देहरादूनचे खोरे हिमालयाच्या पायथ्याशी, शिवालिक टेकड्यांच्या कुशीत वसलेले आहे. येथे सालवृक्षांची वने अनेक ठिकाणी वस्तीला लागून आहेत. या वनांतील चितळ, सांबर व भेकर अंधार पडल्यावर लगतच्या बागांत चरावयास येतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरलेली हंगामी फुलझाडे फेब्रुवारी-मार्चमध्ये बहरतात. कळीच्या अवस्थेत शेंडे खाल्ले गेल्यास उन्हाळ्यापूर्वी झाडाला पुन्हा फुलावर येण्यास पुरेसा काळ मिळत नाही व एका रात्रीत संपूर्ण हंगाम वाया जाऊ शकतो. म्हणून संरक्षणाची व्यवस्था कळ्या दिसण्यापूर्वीच पूर्ण असणे आवश्यक ठरते.

नुकसानीची ओळख : हरणांच्या वरच्या जबड्यात पुढील बाजूस पटाशीचे दात नसतात. खालचे दात व वरची कठीण हिरडी यांमध्ये शेंडा धरून ते तो ओढून तोडतात. त्यामुळे तुटलेले टोक ओबडधोबड, चिरफाळलेले दिसते. सशाने खाल्लेल्या देठाचा काप मात्र तिरपा व स्वच्छ असतो. जमीन उकरून कंद खाल्लेले आढळल्यास साळिंदराचा संशय घ्यावा. प्राणी ओळखल्याशिवाय उपाय ठरवू नये.

झाडांची निवड : पॅन्सी, ट्युलिप व गुलाब हरणांना विशेष आवडतात, गुलाबाचे काटे त्यांना रोखू शकत नाहीत. नर्गिसमध्ये लायकोरीन हे विषारी अल्कलॉइड असल्याने हरणे ते सहसा टाळतात. लॅव्हेंडर व रोझमेरीसारख्या उग्र गंधाच्या झाडांकडेही ती कमी वळतात. अशी झाडे बागेच्या कडेला व आवडती झाडे घराजवळ लावावीत. तथापि, चाऱ्याची टंचाई असताना कोणतेही झाड पूर्णतः सुरक्षित नसते.

कुंपण : हा सर्वांत खात्रीचा उपाय होय. जाळीची उंची सुमारे २.४ मीटर (८ फूट) असावी. हरणे खालूनही शिरतात. म्हणून जाळीची खालची कड खुंट्यांनी जमिनीशी घट्ट बसवावी. लहान वाफ्यांवर कमानी उभारून जाळी अंथरल्यास खर्च कमी येतो.

गंधाची फवारणी : एक भाग फेटलेले अंडे व चार भाग पाणी असे द्रावण कापडातून गाळून पानांवर व कळ्यांवर फवारावे. अंड्याच्या कुजट वासामुळे हरणे दूर राहतात. पावसानंतर, तसेच नवीन फूट आल्यावर फवारणी पुन्हा करावी, कारण नवीन पालवीवर द्रावणाचा थर नसतो. खाद्य भाज्यांवर हे द्रावण वापरू नये. दिवे, आवाज व बुजगावणी यांना हरणे काही दिवसांतच सरावतात.

दक्षता : ही हरणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित आहेत. फासे, विषप्रयोग किंवा कुंपणात थेट सोडलेला वीजप्रवाह हे मार्ग बेकायदेशीर असून माणसे व जनावरे यांच्याही जीवावर बेततात. हरीण जाळीत अडकल्यास वन विभागास त्वरित कळवावे.

कुंपण, झाडांची योग्य मांडणी व वेळेवर फवारणी यांचा एकत्रित अवलंब केल्यास बागेतील बहर टिकतो आणि वन्यजीवासही इजा होत नाही.