पूर्वसूचनेची खरी कसोटी

महासागराच्या मध्यभागीं वसलेल्या लहान लहान राष्ट्रांना निसर्गानें सौंदर्य मुक्तहस्तानें दिलें आहे. परंतु संकटसमयीं पळून जाण्यास जागा मात्र फार थोडी दिली आहे. मालदीव हें राष्ट्र सुमारें १२०० बेटांचें असून त्याच्या भूमीची सरासरी उंची समुद्रसपाटीपासून अवघी दीड मीटर आहे. वादळ, ज्वालामुखीचा स्फोट, किंवा समुद्रतळाच्या भूकंपानें उठणारी, जपानी भाषेंत त्सुनामी म्हटली जाणारी लाट, यांपैकीं कोणतेंहि संकट आलें असतां तेथील लोकांचें जीवित बहुतांशीं वेळेवर मिळालेल्या पूर्वसूचनेवर अवलंबून असतें. तेव्हां अशी सूचना देणारी व्यवस्था चांगली कीं सदोष, हें कशावरून ठरवावें, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

या व्यवस्थेचीं चार अंगें मानण्यांत येतात. धोका कोठें व कसा आहे याचें ज्ञान, हें पहिलें. समुद्रावर व आकाशावर अखंड लक्ष ठेवणें, हें दुसरें. मिळालेली बातमी सर्वांपर्यंत पोहोंचविणें, हें तिसरें. आणि ती ऐकतांच काय करावयाचें हें लोकांना ठाऊक असणें, हें चौथें. चौरंगाचा एक पाय मोडला तर उरलेले तीन शाबूत असूनहि त्यावर कांहीं ठेवतां येत नाहीं. येथेंहि तसेंच आहे.

ता. २६ डिसेंबर २००४ रोजीं सुमात्राजवळ प्रचंड भूकंप झाला. त्याची लाट मालदीवला पोहोंचण्यास सुमारें तीन तास लागले. तीन तासांत पुष्कळ कांहीं करतां आलें असतें. परंतु हिंदी महासागरांत त्या वेळीं त्सुनामीची सूचना देणारी व्यवस्थाच नव्हती, आणि मालदीवमध्यें सुमारें शंभर माणसें मृत्युमुखीं पडलीं किंवा बेपत्ता झालीं. येथें वेळ होता, सूचना नव्हती. या दुर्घटनेनंतर हिंदी महासागरासाठीं व्यवस्था उभारण्यांत आली, आणि २००७ सालीं हैदराबाद येथें आपल्या देशाचें सूचनाकेंद्र सुरू झालें.

आतां उलट उदाहरण पाहूं. पॅसिफिक महासागरांत हवाई बेटांवरील केंद्र कित्येक दशकें काम करीत आहे. ता. २९ सप्टेंबर २००९ रोजीं सकाळीं सामोआजवळ भूकंप झाला, तेव्हां त्या केंद्रानें सुमारें १६ मिनिटांत आपलें पहिलें पत्रक प्रसिद्ध केलें. यंत्रांचें काम चोख झालें. परंतु तितक्याच अवधींत कित्येक गांवांवर लाट येऊन आदळली होती. सामोआ, अमेरिकन सामोआ व टोंगा मिळून सुमारें १९० लोक प्राणास मुकले. येथें सूचना होती, वेळ नव्हता.

मग अशा जवळच्या संकटांत उपाय कोणता? त्याचें उत्तर व्हानुआतू राष्ट्रांतील पेंटेकोस्ट बेटानें दिलें आहे. १९९८ सालीं पापुआ न्यूगिनीच्या किनाऱ्यावर त्सुनामीनें दोन हजारांहून अधिक माणसें मारलीं. त्या दुर्घटनेवरून केलेली बोधपर चित्रफीत पेंटेकोस्टवरील बे मार्टेली या गांवच्या लोकांना दाखविण्यांत आली होती. नोव्हेंबर १९९९ मध्यें मध्यरात्रीच्या सुमारास तेथें भूकंप झाला व समुद्र मागें हटला. लोकांनीं कोणाच्याहि आज्ञेची वाट न पाहतां टेकडीचा रस्ता धरिला. गांव पार वाहून गेला. परंतु सुमारें तीनशें वस्तीपैकीं जवळजवळ सर्व लोक वांचले. त्यांच्यापाशीं यंत्र नव्हतें, ज्ञान होतें.

हेंच २००७ सालीं सॉलोमन बेटांत दुसऱ्या प्रकारें दिसून आलें. मूळच्या रहिवाश्यांना भूकंपाचा व लाटेचा संबंध पूर्वजांच्या सांगण्यावरून ठाऊक होता. परंतु गिल्बर्ट बेटांतून येऊन तेथें वसलेल्या लोकांना ही परंपरा नव्हती, आणि त्यांच्या वस्तींतच प्राणहानि प्रमाणाबाहेर झाली. त्याचप्रमाणें ता. १५ जानेवारी २०२२ रोजीं टोंगाजवळ समुद्रांतील ज्वालामुखीचा स्फोट झाला, तेव्हां समुद्रतळाची तार तुटून तें राष्ट्र जगापासून तुटलें. मँगो बेटावरील सर्व घरें नष्ट झालीं. तरीहि, स्फोटाचा आवाज हीच सूचना मानून लोक उंच जागीं धांवल्यामुळें, त्या देशांत लाटेनें मेलेल्यांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहिली.

यावरून यंत्रें निरुपयोगी आहेत असा अर्थ कोणी काढूं नये. दुरून येणाऱ्या लाटेची किंवा वादळाची वार्ता यंत्रांवांचून कळणें शक्य नाहीं. मार्च २०१५ मध्यें ‘पॅम’ नांवाचें वादळ ताशीं सुमारें २५० किलोमीटर वेगानें व्हानुआतूवर आलें. रेडिओ व मोबाईल यांच्याद्वारें अगोदर दिलेल्या सूचनांमुळें, अपरिमित नासधूस होऊनहि, मृतांची संख्या वीसच्या आंत राहिली. तात्पर्य एवढेंच कीं, यंत्र सूचनेचा आरंभ करतें. शेवट माणसाच्या पावलांनीं होतो.

म्हणून परीक्षकानें किती यंत्रें बसविलीं एवढेंच विचारून थांबूं नये. सूचना लोकांच्या स्वतःच्या भाषेंत गेली काय? वीज व तार बंद पडली तर घंटा किंवा कर्णा तयार आहे काय? रात्रीं निजलेला, होडींतून दूर गेलेला, कानांनीं बहिरा, गांवांत नवा आलेला, यांना ती कळली काय? वारंवार खोटी ठरून ती आपला विश्वास तर गमावून बसली नाहीं ना? आणि सर्वांत शेवटच्या झोपडींतील माणूस वेळेवर उठून चालूं लागला काय? संयुक्त राष्ट्रसंघानें २०२७ च्या अखेरपर्यंत पृथ्वीवरील प्रत्येक मनुष्यास पूर्वसूचनेचें संरक्षण मिळावें असा संकल्प २०२२ सालीं जाहीर केला. त्या संकल्पाचीहि परीक्षा याच प्रश्नांनीं व्हावयास पाहिजे.

विद्यार्थिमित्रांनो, हा विषय केवळ परक्या बेटांचा नाहीं. १९४५ च्या नोव्हेंबरांत मकरान किनाऱ्यावरील भूकंपाची लाट मुंबईपर्यंत येऊन पोहोंचली होती. तेव्हां किनाऱ्यावर असतां जमीन जोरानें किंवा फार वेळ हादरली, समुद्र अकस्मात् मागें हटला, किंवा त्याची विलक्षण गर्जना ऐकूं आली, तर कोणाच्याहि सूचनेची वाट न पाहतां उंच जागेकडे निघावें. आणि धोका टळल्याचें अधिकाऱ्यांनीं सांगेपर्यंत परत फिरूं नये, कारण पहिली लाट हीच शेवटची नसते. चौरंगाचा चौथा पाय कोणत्याहि कारखान्यांत तयार होत नाहीं. तो शाळेंत व घरींच तयार होतो. हा धडा आपण शिकून आपल्या घरच्या माणसांस शिकवाल, तर एखादे दिवशीं तो अनेकांचे प्राण वांचवील.