डिजिटल डायरी विसरते कशी?

घरातील जुन्या कपाटाचा खालचा खण कधी उपसलात, तर पुस्तकासारखी उघडणारी एखादी काळी, चपटी वस्तू हाती लागण्याचा संभव आहे. तिच्या एका पानावर करड्या काचेची पट्टी असते, दुसऱ्यावर बारीक बटणांच्या रांगा. घरातील मोठ्या माणसांना विचारा. ‘अरे, ही आमची डिजिटल डायरी!’ असे ते म्हणतील. १९९०च्या दशकात अनेक नोकरदारांच्या खिशात ही डायरी असे. फोनचे क्रमांक, भेटीच्या वेळा, वाढदिवस, थोडीफार आकडेमोड अशी कामे ती करी.

आता तिच्यात नवे सेल घाला. काचेवर अक्षरे उमटतील, पण आत पूर्वी लिहिलेले एकही नाव दिसणार नाही. त्याच खणातील चाळीस वर्षांपूर्वीची कागदी वही उघडली तर शाई फिकी झालेली असेल, तरी नावे वाचता येतात. कागद विसरत नाही आणि यंत्र विसरते, हे कसे?

हा प्रश्न मला पुस्तक वाचून पडला नाही. चांगली ठेच लागून पडला. मी डोंबिवलीला राहत असे व ठाण्याला नोकरीस जात असे. जून १९९४ मध्ये मी मुंबईच्या मनीष मार्केटमधून ३२ किलोबाइट स्मृतीची एक डायरी घेतली. कागदी वहीतील दोनशेच्या आसपास नावे रोज थोडी थोडी तिच्यात भरली. सकाळच्या गाडीत बसायला जागा मिळाली, तर मुंब्रा येईपर्यंत चार-पाच नावे होत. उभे राहावे लागले, तर एकही नाही. आणि डोंबिवलीला गाडीत चढणाऱ्याच्या नशिबी बहुधा दुसरा प्रकारच येतो.

नावे रोमन लिपीतच लिहावी लागत. काचेवरील प्रत्येक अक्षर पाच आडव्या व सात उभ्या, म्हणजे एकूण ३५ ठिपक्यांतून बने. वर वेलांटी व रफार, खाली उकार असलेले आपले अक्षर एवढ्या ठिपक्यांत मावेना. त्यामुळे काळे आणि काले यांची नावे माझ्या डायरीत अगदी सारखी दिसत, आणि एकाला करायचा फोन दुसऱ्याला जाई.

ऑक्टोबर १९९६ मध्ये, दिवाळीच्या तोंडावर, सेल उतरल्याची सूचना काचेवर दिसू लागली. डायरीत दोन सेल होते. एक मुख्य आणि दुसरा राखीव. ‘एका वेळी एकच सेल काढावा’ असे माहितीपत्रकात ठळक छापले होते. मी ते वाचलेही होते. पण दोन्ही खाचा पुसून स्वच्छ कराव्यात, या नसत्या टापटिपीपायी मी दोन्ही सेल एकदम काढले. नवे सेल घालून पाहतो तो डायरी कोरी!

बहुतेक नावे जुन्या वहीत होती, ती मी पुन्हा भरली. पण वहीनंतर मिळालेले क्रमांक फक्त यंत्रातच होते. आम्हांला शाळेत विज्ञान शिकवणारे मास्तर कल्याणला पारनाक्याजवळ राहत. त्या वर्षी ते मुलाकडे दुसऱ्या गावी गेले, आणि जाण्यापूर्वी नवा क्रमांक त्यांनी मला फोनवर सांगितला होता. तो मी कागदावर टिपला नव्हता. पारनाक्याच्या घराला कुलूप होते, शेजाऱ्यांनाही पत्ता ठाऊक नव्हता. मास्तरांशी पुन्हा बोलणे झाले नाही.

आता त्या डायरीच्या पोटात काय होते ते पाहू. यंत्राला अक्षर कळत नाही, अंक कळतो. रोमन लिपीतील ‘के’ या मोठ्या अक्षराला ७५ हा अंक ठरवून दिलेला आहे. द्विमान पद्धतीत तो ०१००१०११ असा लिहितात. यातील प्रत्येक शून्य किंवा एक म्हणजे एक बिट, आणि अशा आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे एका अक्षराला एक बाइट लागतो. ३२ किलोबाइट म्हणजे ३२ गुणिले १०२४, अर्थात ३२,७६८ बाइट. त्यांचे बिट झाले २,६२,१४४.

यातला प्रत्येक बिट सांभाळायला सहा ट्रान्झिस्टरांचा एक गट असतो. फुगडी घालणाऱ्या दोन मुली आठवा. हात घट्ट धरून दोघी मागे झुकतात. एकीचा तोल दुसरीमुळे सांभाळला जातो आणि दुसरीचा पहिलीमुळे. त्या गटातही दोन उपमंडले अशीच एकमेकांना धरून असतात. पहिल्यात ‘एक’ असेल, तर ते दुसऱ्याला ‘शून्य’ व्हायला लावते. आणि दुसऱ्यातील ‘शून्य’ पहिल्याला ‘एक’ ठेवते. बाहेरून कोणी मुद्दाम बदलेपर्यंत ही स्थिती टिकते. मात्र त्यासाठी दोन्ही मंडलांना सेलचा आधार सतत हवा. सेल काढला, की हात सुटले! पुन्हा सेल घातल्यावर फुगडी नव्याने सुरू होते खरी, पण कोणत्या बाजूला ‘एक’ येईल याचा आधीच्या नोंदीशी संबंध उरत नाही. २,६२,१४४ बिट, म्हणजे १५,७२,८६४ ट्रान्झिस्टर, असे अर्थहीन होऊन बसतात.

मग दोन सेलांऐवजी दुसरी युक्ती करता येईल का? येते. १९९६ साली अमेरिकेत निघालेल्या पाम पायलट या यंत्राने ती केली होती. त्यात दोन छोटे पेन्सिल सेल असत. ते काढल्यावर नवे घालेपर्यंत आतील धारित्र, म्हणजे विद्युत्प्रभार साठवणारा घटक, सुमारे एक मिनिट स्मृती सांभाळी. हा अवधी कसा ठरतो, याचे एक साधे गणित करू. समजा, धारित्राची धारिता १००० मायक्रोफॅरड आहे, स्मृतीला १० मायक्रोअँपिअर प्रवाह लागतो, आणि दाब ३ व्होल्टवरून २ व्होल्टपर्यंत उतरला तरी चालते. धारितेला दाबातील घटीने गुणून प्रवाहाने भागले, की वेळ मिळतो. येथे तो १०० सेकंद येतो.

हे डोळ्यांनीही पाहता येईल. १६ व्होल्टचे १००० मायक्रोफॅरडचे धारित्र आणा. ते ९ व्होल्टच्या बॅटरीला क्षणभर जोडा. धन टोक धनाला, ऋण टोक ऋणाला. यात चूक करू नका, उलटे जोडलेले धारित्र फुटू शकते. मग बॅटरी काढा आणि १० किलोओहमच्या रोधामधून एक एलईडी त्याला जोडा. दिवा एकदम विझत नाही, हळूहळू मंद होत जातो. १ किलोओहमचा रोध घेऊन पुन्हा पाहा आणि फरक वहीत लिहा.

वीज नसतानाही न विसरणारे यंत्र त्या काळी होते. इंग्लंडच्या सायन कंपनीने १९८४ साली काढलेल्या ऑर्गनायझरमध्ये नोंदी छोट्या वेगळ्या डबीत साठवीत. या डबीत प्रत्येक बिटासाठी चारी बाजूंनी विद्युत्रोधकाने वेढलेला एक सूक्ष्म कप्पा असे. त्यात कोंडलेले इलेक्ट्रॉन वर्षानुवर्षे बाहेर पडत नाहीत. अडचण अशी, की जुने पुसून ती जागा पुन्हा वापरायची, तर डबी अतिनील किरणांखाली धरावी लागे. त्या किरणांची ऊर्जा मिळाली म्हणजेच इलेक्ट्रॉन रोधक ओलांडून निसटतात. एक क्रमांक बदलण्यासाठी एवढा खटाटोप कोण करणार? तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८४ सालीच मांडलेल्या फ्लॅश स्मृतीने हे पुसण्याचे काम विजेनेच होऊ लागले. आज तुमच्या घरातील मोबाइलमध्ये आणि पेनड्राइव्हमध्ये तीच असते. पुढे २००४ साली पामच्या काही यंत्रांतही ती आली.

मी १९९७ मध्ये दुसऱ्या कंपनीची ६४ किलोबाइटची डायरी घेतली, तेव्हा सगळी नावे तिसऱ्यांदा हाताने भरावी लागली. पहिल्या डायरीतून ती सरळ का नेता आली नाहीत? अक्षरांचे अंक तर दोन्हींकडे सारखेच होते. पण जोडायची तार निराळी, आणि आतील मांडणीही निराळी. आईच्या मिसळणाच्या डब्यात कोणत्या वाटीत काय आहे, हे तिचा हात न बघता ओळखतो. तोच हात मावशीच्या डब्यात घाला, मोहरीऐवजी मेथी येईल! एका कंपनीची डायरी आधी नाव व मग क्रमांक ठेवी, दुसरी आधी नोंदीची लांबी लिही. दोनशे नोंदी, प्रत्येकी २५ अक्षरे, म्हणजे ५,००० वेळा बटण दाबणे आले.

२००० साली मी पाम घेतला, तेव्हा प्रथमच घरच्या संगणकाला यंत्र जोडून त्यातील सगळ्या नोंदींची दुसरी प्रत ठेवता आली. तिचा उपयोग २००२ मध्ये झाला. त्या वर्षी मुंबई आणि ठाण्याच्या सात आकडी क्रमांकांच्या आरंभी २ हा आकडा लागला. ठाण्याचा संकेतांक ०२२ आणि कल्याण-डोंबिवलीचा ०२५१, त्यामुळे कोणत्या नोंदींत बदल करायचा ते संकेतांकावरून संगणकावरच निवडता आले.

आता त्या जुन्या सेलकडे वळू. त्यावर ‘सीआर २०३२’ असे लिहिलेले असते. पहिले दोन आकडे म्हणजे व्यास २० मिलिमीटर, पुढचे दोन म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. शाळेतील व्हर्नियर कॅलिपरने मोजून खात्री करा. (हे सेल लहान भावंडांच्या हाती लागू देऊ नका. गिळले गेले तर अन्ननलिकेला गंभीर इजा करतात.) अशा सेलमध्ये सुमारे २२० मिलिअँपिअर-तास विद्युत्प्रभार असतो. समजा, डायरी बंद असताना स्मृतीला ४ मायक्रोअँपिअर लागतात. मग सेल किती वर्षे पुरेल? आता समजा, डायरी रोज दहा मिनिटे वापरली आणि वापरताना तिला आणखी १ मिलिअँपिअर लागला. मग किती? जून १९९४ मध्ये घातलेला माझा सेल ऑक्टोबर १९९६ मध्ये उतरला. तुमचे दुसरे उत्तर त्याच्याशी ताडून पाहा.